पट्ट्यापट्ट्यांची चड्डी

गेल्या रविवारी माझ्या हरभऱ्यात एक माणूस पडला. वरून.

कामशेतजवळ आमची पाऊण एकर वडिलोपार्जित जमीन. पाऊस सरला की डोक्यावर पॅराग्लायडर सुरू. ते निदान गप्प तरी असतात. हा पॅरामोटरवाला. पाठीला फवारणीचा पंप बांधावा तसं इंजिन, त्याला पंखा, आणि आवाज डोक्यावर पिठाची गिरणी फिरवल्यासारखा.

"सॉरी काका," छत्री गोळा करत तो म्हणाला. "पण थँक्यू हं. तुमच्यामुळे वारा कळला."

माझ्यामुळे?

त्याने बोट दाखवलं. दोरीवर माझी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची चड्डी फडफडत होती. वाऱ्याला तोंड करून उतरायचं असतं, विमानतळावर तसली पट्टेरी पिशवी त्यासाठीच टांगतात म्हणे. "आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना माहितीये ती."

एवढ्यात बांधावरून शेजारचे आबा आले. आबा आयुष्यात विमानात बसलेले नाहीत.

"नाडी कुणीकडं होती?"

"तळेगावकडं."

"म्हंजी वारा लोणावळ्याकडनं. बरोबर उतरलास लेकरा."

"आबा, माझा हरभरा!"

"शेंडे खुडल्याबिगर हरभरा फुटतो व्हय? त्यानं पायानं खुडला."

घाट्यावर आलेल्या हरभऱ्याचे शेंडे कोण खुडतं? पण पोरगं तोवर भरपाईचे दोनशे रुपये आबांच्या फोनवर पाठवून मोकळं झालं होतं. बांध सामाईक आहे, आबा म्हणाले.

वकील भाच्याला विचारलं. विमान कायद्याचं कलम त्याने तोंडपाठ ऐकवलं: विमान वाजवी उंचीवरून गेलं, तर नुसतं वरून गेलं म्हणून दावा लावता येत नाही. वाजवी म्हणजे किती, ते वाऱ्यावर आणि हवेवर. अमेरिकेत एका कोंबडीवाल्याच्या जमिनीवरून लष्करी विमानं ८३ फुटांवरून जायची. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मेल्या आणि १९४६ साली सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. "मामा, तुमच्याकडे कोंबड्या आहेत का?"

नाहीत. हरभरा घाबरून मरत नाही. आणि उघड्यावर वाळत घातलेल्या कपड्यांची अब्रू कुठल्या कलमात बसते, ते भाच्यालाही सांगता येईना. जमीन माझी, सातबारा माझा, शेतसारा मी भरतो, आणि चोरासारखा मोरीत चड्डी वाळत घालतोय. आठवडा झाला, वास मारतेय.

आज सकाळी सातला दार वाजलं. आबा.

"चड्डी कुठाय? पोरं वर घिरट्या घालून दमली."