रक्ताच्या थेंबात प्रायॉन कळत नाही, आणि मणक्यातल्या पाण्याला नाही म्हणू नका

गेले काही आठवडे जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "मेंदू पोखरणारा प्रायॉन आजार आता रक्ताच्या एका थेंबात कळतो. चाळिशीनंतर सगळ्यांनी तपासा. मणक्यातलं पाणी काढू देऊ नका, लकवा होतो. रोग्याला वेगळं ठेवा." प्रायॉन म्हणजे मेंदूतलं बिघडलेलं प्रथिन. मी चोपड्याच्या एका लॅबमध्ये 11 वर्षं रक्त घेते. परवा एक ताई आबांना घेऊन आल्या. महिनाभरातच त्यांचा तोल जाऊ लागलेला, घरची माणसं ओळखू येईनात. डॉक्टरांनी मणक्यातलं पाणी तपासायला सांगितलं होतं; मेसेज वाचून घरच्यांनी नकार दिला.

रक्तात मोजतात ती न्यूरोफिलामेंट, टाऊ अशी प्रथिनं. मेंदूच्या पेशी मरू लागल्या की ती रक्तात उतरतात. प्रायॉन आजारात, म्हणजे बहुतेक वेळा सीजेडीत (क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या आजारात), ती खूप वाढतात हे खरं. आनुवंशिक दोष असलेल्या काहींमध्ये तर लक्षणांआधीच वाढलेली आढळली आहेत, म्हणून संशोधकांना त्यांचं मोल आहे. पण न्यूरोफिलामेंट पक्षाघातात वाढतं, अल्झायमरमध्ये वाढतं, डोक्याला मार लागला तरी वाढतं. केळीचं पान पिवळं पडलं की झाडाला काहीतरी झालंय एवढंच कळतं. करपा आहे, सीएमव्ही विषाणू आहे की पाणी कमी पडलं, हे रावेरचा शेतकरी नुसत्या पिवळेपणावरून ठरवत नाही.

खुद्द प्रायॉन रक्तात सापडल्याचं संशोधन 2016 साली आलं, पण ते गाईंच्या आजारातून माणसात आलेल्या व्हेरिएंट सीजेडीबद्दल. त्या गाईंच्या आजाराचा धोका भारतात नगण्य असल्याचं जागतिक पशुआरोग्य संघटनेने 2010 मध्येच मान्य केलं आहे. आपल्याकडे आढळतो तो बहुतेक आपोआप उद्भवणारा प्रकार.

सगळ्यांनी तपासण्याचा हिशेब करून बघा. हा आजार वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होतो. 100 पैकी एकदाच चुकणारी तपासणी दहा लाख लोकांवर केली, तर दहा हजार निरोगी माणसं धास्तावतील, एक-दोन खऱ्या रोग्यांपायी.

आता मणक्यातलं पाणी, ज्यासाठी मी लिहायला बसले. सुई कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली टोचतात. काहींचं डोकं दोन-चार दिवस दुखतं. लकव्याची भीती निराधार आहे. त्या पाण्यावर आरटी-क्विक नावाची तपासणी होते. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागतं, तसा बिघडलेला प्रायॉन चांगल्या प्रथिनाला बिघडवतो. ते लागलेलं विरजणच ही तपासणी पकडते. सीजेडीच्या 100 रोग्यांत नव्वदेक तिला सापडतात, आणि आजार नसलेल्याला ती क्वचितच रोगी ठरवते. सोबत एमआरआय लागतोच.

शिवाय त्याच पाण्यात टीबीचा मेंदूज्वर कळतो, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटल्याचा आजार कळतो. दोन्ही असेच भराभर बिघडतात, आणि दोन्हींवर औषध आहे. सीजेडीवर आज नाही. नकार देताना आबांची बरं होण्याची वाट आपण बंद करत असू, हे ताईंना सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग डॉक्टरांना फोन लावला.

राहिलं वेगळं ठेवणं. सीजेडी शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, सेवा केल्याने लागत नाही. आबांच्या नातीला आठ दिवस त्यांच्या खोलीत जाऊ दिलेलं नव्हतं. तिला आजच जाऊ द्या, ताई.