पारिजातकावर सिकेटर

पानझडी झुडपे केव्हा छाटावीत, याचे शास्त्राने दिलेले उत्तर सरळ आहे: ज्यांना नव्या फुटीवर फुले येतात, ती विश्रांतीच्या काळात, पालवी फुटण्यापूर्वी छाटावीत, ज्यांना मागच्या हंगामाच्या काडीवर फुले येतात, ती फुले ओसरताच छाटावीत. हे उत्तर आमच्या घरात चहा गार होईपर्यंतही टिकले नाही.

मी ते ज्या पुस्तकात वाचले ते थंड मुलखातले होते आणि हिवाळा सरता सरता झुडपे उघडीबोडकी असतानाच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हाती घ्या, असा त्याचा आग्रह होता. कोल्हापुरात बर्फ मिळतो तो रंकाळ्यावरच्या गोळ्याच्या गाडीवर, आणि थंडी आल्याचे आम्हांला गुऱ्हाळे पेटली म्हणजे कळते.

गुलाबाचे निभावले. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात तो छाटावा याबद्दल दुमत नव्हते, कारण भर पावसात कापलेल्या काडीला बुरशी लागून ती टोकाकडून काळी पडत खाली येते, हे आमच्याकडचा जुलै पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. खरा तंटा पारिजातकाचा. त्याला फुलोरा नव्या फुटीच्या टोकांशी येतो, म्हणजे बहर आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी छाटणी करावी, असा माझा हिशेब; परंतु तो बहर आटोपला हे जाहीर करण्याचा अधिकार आईकडे आहे. श्रावणात देवाला फुले हवीत, मग गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी. पुढे झाडावर चार फुले उरली तरी ‘अजून येतायत की’ हा निकाल कायम.

शेजारच्या काकूंचा पक्ष वेगळा. त्यांच्या अंगणात वाकलेली फांदी त्या स्वतःची मानतात, आणि माझ्या हातात सिकेटर दिसताच कुंपणापलीकडून विचारतात, “फुलाच्या झाडाला कात्री लावतोयस व्हय रे?” त्यातच तासगावचे पाहुणे आले. द्राक्षबागायतदारांना छाटणीविषयी शंका अशी नसतेच. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, हे वेळापत्रक त्यांनी पारिजातकालाही लागू करून टाकले आणि आमच्या झाडाला ‘काडी पिकलेली दिसत नाही’ म्हणून नापास केले.

अखेर फेब्रुवारीत, आई अंबाबाईच्या दर्शनाला गेलेली असताना, मी काम उरकले. आधी वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या, मग बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा, म्हणजे नवी फूट निघते तो कोंब, शोधून त्याच्या थोडे वर तिरका काप घेतला. पारिजातकाची कोवळी काडी चौकोनी असते आणि पाने पॉलिश पेपरसारखी खरखरीत. संध्याकाळपर्यंत माझ्या मनगटांना त्याची पुरेपूर जाणीव राहिली. जाड फांद्यांच्या जखमांना मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, ती निळाई बोटांवरून मात्र जाईना, आणि आईने परतल्यावर झाडाआधी माझी बोटेच पाहिली.

आता डाळिंबाचा प्रश्न ऐरणीवर आहे, कारण त्याची छाटणी धरायच्या बहारावर, म्हणजे कोणत्या हंगामातला फुलोरा फळासाठी राखायचा त्यावर, ठरते. वडिलांना मृग बहार हवा, पाहुण्यांनी फोनवरून हस्त बहार ठरवून टाकला आहे, मला आंबे बहार सोयीचा वाटतो, आणि आईचे म्हणणे असे की झाड काढून त्या जागी कपडे वाळत घालायची दोरी बांधावी.