पट्टा तुटण्याची वाट पाहावी

रविवारी सकाळी सोलापूरच्या होम मैदानावर नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलेल्या आणि बारा षटके झाली तरी समोरची जोडी फुटेना म्हणून हवालदिल झालेल्या कर्णधारांसाठी हा सल्ला आहे. गडी बाद करायचा तर चेंडू टाकावा लागतो, ही भाबडी समजूत आपण प्रथम सोडून द्यावी. क्रिकेटच्या कायद्यातील चाळीसाव्या कलमानुसार, एक गडी बाद झाल्यापासून ३ मिनिटांच्या आत नवा फलंदाज किंवा त्याचा जोडीदार पुढचा चेंडू खेळण्यास सज्ज नसेल, तर येणाऱ्या फलंदाजाला ‘टाइम्ड आउट’ ठरवता येते. आंतरराष्ट्रीय टी-२० सामन्यात तर ही मुदत अवघी ९० सेकंदांची आहे. गडी गोलंदाजाच्या नावावर जमा होत नाही, त्यामुळे संघातील मत्सरही वाढत नाही. पहिला गडी तेवढा जुन्या पद्धतीने मिळवावा लागतो. तो त्रास सोसावा.

या मार्गाचे आद्य तीर्थक्षेत्र दिल्ली होय. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज खेळपट्टीपाशी आला, त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला, त्याने दुसरे हेल्मेट मागवले आणि बांगलादेशचा कर्णधार शाकिब अल हसन याने अपील केले. त्या स्पर्धेत मुदत २ मिनिटांची होती. अपील मागे घेण्यास शाकिबने नकार दिला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अशा रीतीने बाद होणारा मॅथ्यूज पहिला फलंदाज ठरला. पट्टा तुटण्यापूर्वीच मुदत उलटली होती, असे चौथ्या पंचांचे म्हणणे. अजून ५ सेकंद शिल्लक होते, असे मॅथ्यूजचे. पुढे त्याच मॅथ्यूजने शाकिबला ८२ धावांवर बाद केले आणि मनगटाकडे बोट दाखवले. बांगलादेशाने सामना ३ गडी राखून जिंकला, आणि शेवटी हस्तांदोलन न झाल्यामुळे तोही वेळ वाचला.

आपल्या मैदानावर पट्टा तुटण्याइतकी नवी हेल्मेटे नसतात, पण म्हणून निराश होऊ नये, कारण आपल्याकडची परिस्थिती दिल्लीपेक्षाही अनुकूल आहे. येथे अकरा जणांत पॅडच्या दोन जोड्या, हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि एक हेल्मेट असते, आणि ज्याचे नावही चारचौघांत घेतले जात नाही ते गार्डसुद्धा सामाईक असते. सबब बाद झालेला फलंदाज झाडाखाली पोहोचून सोडवासोडव करीत नाही तोपर्यंत पुढच्याला तयार होता येत नाही. अशा वेळी आपण बाद झालेल्या फलंदाजाला वाटेत गाठावे, त्याच्या खेळीची तोंड भरून स्तुती करावी, घरच्यांची प्रकृती विचारावी आणि मोबाइलवरील घड्याळ चालू ठेवावे. ही विचारपूस मनापासून केली तर एक मिनिट सहज निघते. खिलाडूवृत्ती कोठे आणि किती वापरावी, याचे हे उत्तम उदाहरण समजावे.

एक अडचण मात्र खास आपल्याकडची आहे. बाहेरचे पंच परवडत नसल्यामुळे फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एखादा खेळाडू पांढरी टोपी घालून उभा राहतो, आणि बहुधा पुढचा फलंदाज तोच असतो. त्याच्याकडे अपील केल्यास त्याला स्वतःविरुद्ध बोट वर करावे लागेल. तेव्हा आवाज चढवण्याऐवजी कायद्याची छापील प्रत पुढे धरावी, कारण छापील कागदापुढे नमते घेण्याची आपली परंपरा जुनी आहे.

कोणी ‘हे शोभते का?’ असे विचारलेच, तर ‘नियमात बसते’ एवढेच उत्तर द्यावे. पंच आपणहून कोणाला टाइम्ड आउट देत नाहीत, त्यासाठी कोणीतरी अपील करावे लागते, आणि ते न करण्याची मोकळीकही तोच नियम देतो. ही गोष्ट विचारणाऱ्याच्या लक्षात येण्यापूर्वी विषय बदलावा. आदर्श हवाच असेल तर १९४८ सालचा घ्यावा. पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि ब्रॅडमनचा एका डावातील ४५२ धावांचा विक्रम अवघ्या ९ धावांवर होता. त्या क्षणी काठेवाडचा कर्णधार, म्हणजे साक्षात राजकोटचे ठाकूरसाहेब, सामना सोडून देऊन मोकळे झाले. सामना सोडणे काही नियमबाह्य नव्हे! आज ठाकूरसाहेबांचे क्रिकेट कोणाला आठवत नाही, पण ते स्वतः विस्मृतीत गेलेले नाहीत.

उलट प्रसंग आपल्यावर आला, तर दुसरी गोष्ट तोंडपाठ असावी. २००७ च्या जानेवारीत केपटाउन कसोटीत भारताचे दोन्ही सलामीवीर लवकर बाद झाले. सचिन तेंडुलकर आदल्या डावात काही काळ मैदानाबाहेर असल्यामुळे त्याला लगेच फलंदाजीस येता येत नव्हते, लक्ष्मण अंघोळ करीत होता, आणि सौरव गांगुलीला तयार होऊन यायला सुमारे ६ मिनिटे लागली. प्रतिस्पर्धी कर्णधार ग्रॅमी स्मिथने अपील केले नाही, आणि तरीही दक्षिण आफ्रिकेने ती कसोटी जिंकली. ही कथा सांगताना आवाज किंचित कापरा ठेवावा आणि आपण स्वतः गेल्या रविवारी काय केले, ते आठवू नये.

काटेकोरपणाची ही सवय मैदानाबाहेर मात्र नेऊ नये. नळाला काही दिवसांआड येणारे पाणी सांगितलेल्या वेळेला न आल्यास अपील कोणाकडे करायचे, याचे कलम अद्याप कोणी लिहिलेले नाही. स्पर्धेचे बक्षीस वितरण पाच वाजता ठेवलेले असते आणि प्रमुख पाहुणे साडेसातला येतात. तोवर खुर्च्यांवर दव पडू लागते, हारातील फुले माना टाकतात आणि पाहुणे उतरताच आपणच धावत जाऊन ‘साहेब, अगदी वेळेवर आलात’ असे म्हणतो. हार घालण्यासाठी हात वर करताना मनगटावरचे घड्याळ उघडे पडण्याचा संभव असतो, म्हणून त्या दिवशी लांब बाहीचा सदरा घालावा.