रहीनीची हिरवाई कोणाची? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आयर्लंडमधल्या डब्लिन शहराच्या रहीनी या उपनगरातल्या आमच्या वास्तव्यावर मी लिहिलेल्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, झाडीने वेढलेली ही उपनगरे म्हणजे सधन लोकांनी स्वतःभोवती घातलेले कुंपण आहे. इथलेच रहिवासी प्रत्येक नव्या इमारतीवर हरकती घेतात आणि त्यामुळे नव्याने आलेल्या भारतीय कुटुंबांना एका खोलीसाठी वणवण करावी लागते. आणि अशा वस्तीच्या शांततेचे गोडवे गाणाऱ्या माझ्या लेखात तिथल्या एकटेपणाला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर झालेल्या हल्ल्यांना जागाच नाही. यातला पहिला मुद्दा मला मुळातच मान्य नाही, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहिते.

ज्या सेंट अ‍ॅन्स पार्कचे वर्णन आपल्याला खटकले, ती जमीन एके काळी खरोखरच कुंपणाआड होती. ज्यांच्या बिअरमुळे त्यांचे नाव जगाला ठाऊक झाले, त्या गिनेस घराण्याची ती मालमत्ता. वाड्यापर्यंत जाणारा लांबच लांब सरळ रस्ता, त्याच्या दुतर्फा सदाहरित ओक आणि पाइन, आणि हे सारे एका कुटुंबासाठी. पुढे वारसांना एवढा पसारा सांभाळणे झेपेना आणि १९३९ मध्ये डब्लिन महापालिकेने ही मालमत्ता विकत घेतली. १९४३ मध्ये वाडा आगीत जळाला आणि त्याचे अवशेष १९६८ मध्ये पाडण्यात आले. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते महापालिकेने जमिनीचे काय केले हे. जवळपास २०० एकरांवर सार्वजनिक घरे उभी राहिली आणि मधला सर्वांत देखणा भाग बाग आणि मैदाने म्हणून सर्वांसाठी मोकळा ठेवण्यात आला. आज सुमारे २४० एकरांच्या या बागेत शिरायला तिकीट लागत नाही. म्हणजे घरे आणि झाडे एकाच निर्णयातून, एकाच जमिनीवर आली. एकाने दुसऱ्याची जागा हिरावून घेतली नाही.

याच बाजूला असलेल्या किलेस्टर आणि मरीनो या वस्त्यांकडेही पाहावे. किलेस्टरमधली बैठी, पुढेमागे बाग असलेली घरे पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी बांधलेली आहेत. मरीनोत १९२० च्या दशकात महापालिकेने हजाराहून अधिक घरे बांधली, ती शहराच्या मध्यभागातल्या कोंदट, पडक्या चाळवजा इमारतींत दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांची सोय व्हावी म्हणून. उद्यान-नगराच्या तेव्हाच्या कल्पनेप्रमाणे घरांच्या ओळींमध्ये जाणूनबुजून हिरवळी राखल्या गेल्या. कष्टकऱ्याच्या मुलालाही दारासमोर गवत आणि झाड मिळाले पाहिजे, असे त्या काळच्या एका गरीब, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या राजधानीला वाटले, याचा मला फार आदर वाटतो. म्हणूनच या हिरवाईला श्रीमंतीचा थाट म्हटले की मला राहवत नाही.

ती आज श्रीमंतांच्या हाती का गेल्यासारखी दिसते, याचे कारण झाडांत नाही. ही घरे हळूहळू भाडेकरूंनाच विकली गेली, त्यांच्याकडून ती खुल्या बाजारात आली आणि किमती चढत गेल्या. त्याच वेळी नवी सार्वजनिक घरे बांधण्याचा वेग मंदावला आणि २००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर तर ते काम जवळजवळ थांबले. आपल्या वणवणीचे मूळ इथे आहे. रहीनीहून डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, पंधरा-वीस मिनिटांत शहराच्या मध्यभागी पोहोचता येते, हाउथ रोडवरून एच मार्गाच्या बसगाड्या सतत धावतात, शाळा आहेत, मैदाने आहेत. मग अशाच ठिकाणी अधिक माणसांनी राहायला हवे, हे आपले म्हणणे मी शब्दशः उचलून धरते.

हरकतींबद्दल आपण लिहिले आहे ते बऱ्याच अंशी खरे आहे. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर एका बंद पडलेल्या दुकानाच्या फाटकावर मध्यंतरी नोटीस लागली होती. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला पांढरा कागद, आत पाणी शिरल्यामुळे अक्षरे फुगलेली, आणि वाचायला वाकावे लागेल इतक्या खाली बांधलेला. त्या जागी चार मजली सदनिकांचा प्रस्ताव होता. दोन दिवसांत आमच्या रस्त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हरकतीचा तयार मजकूर फिरू लागला. पलीकडच्या घरातल्या वयस्कर बाईंची काळजी मात्र तयार मजकुरातली नव्हती. डिसेंबरात इथे चारनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात दुपारचा जो तासभर उजेड येतो तो इमारतीमुळे जाईल, असे त्या म्हणत होत्या. त्याच बाईंचा तिशी ओलांडलेला मुलगा घर परवडत नाही म्हणून आजही आपल्या लहानपणच्या खोलीत राहतो. या दोन्ही गोष्टी एकाच घरात आहेत, आणि म्हणून तिथल्या माणसांना स्वार्थी म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. मी त्या प्रस्तावाच्या बाजूने लेखी म्हणणे दिले. सर्वांत वरचा मजला रस्त्यापासून मागे घ्यावा, एवढी एकच सूचना त्यात केली.

शाळेच्या जुन्या मैदानाचा आपण केलेला उल्लेख मात्र मी वेगळा काढते. सेंट अ‍ॅन्सला लागून असलेल्या त्या जागेवर शेकडो सदनिका बांधण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे गाजला, आणि ‘हंसांसाठी माणसांची घरे अडवली’ असे आपण म्हणता. हे ब्रेंट जातीचे हंस कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातून ग्रीनलंड आणि आइसलँडवरून हिवाळ्यासाठी इथे येतात. इथल्या किनाऱ्याजवळच्या बुल बेटाच्या खाडीतले समुद्री गवत संपत आले की ते आसपासच्या मैदानांवर उतरतात. शेकडो पक्षी माना खाली घालून, एकाच दिशेने पुढे सरकत, गवत खुडत असतात आणि खुडण्याचा तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यांना चरायला अशी मैदाने मोजकीच उरली आहेत, तर घरांसाठी बंद दुकाने, रिकामी गोदामे आणि स्टेशनांजवळची वाहनतळे आहेत. पक्ष्यांना जागा बदलता येत नाही, आराखडा बदलता येतो.

एकटेपणाबद्दल आपण लिहिलेले वाचून वाटले की हे आपल्या अनुभवातले आहे. इथे कोणी दार वाजवून आत येत नाही. शेजारी हवेबद्दल अगत्याने बोलतो, पण चहाला बोलावायला वर्ष लागू शकते. आम्हाला ओळखी झाल्या त्या मुलांच्या खेळामुळे आणि शनिवारी बागेतल्या रेड स्टेबल्समध्ये भरणाऱ्या बाजारामुळे. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा मात्र दुपारची शांतता त्यांना सोसवेना, आणि ते मला समजत होते.

जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्याच टॅला या उपनगरात एका भारतीयावर झालेला हल्ला आणि त्यानंतर भारतीय दूतावासाने सावधगिरीची दिलेली सूचना यांचा परिणाम आमच्या घरावरही झाला. संध्याकाळी बागेत एकटीने फिरणे मी काही काळ बंद केले होते. झाडे कोणाचे रक्षण करत नाहीत. रक्षण होते ते आपण या वस्तीचे भाग आहोत हे दिसल्याने, आणि ते दिसायला आपल्यालाही वस्तीतल्या सभांना जावे लागते. ज्या देशाचे पंतप्रधानपद मालवणजवळच्या वराडशी नाते सांगणाऱ्या लिओ वराडकर यांनी भूषवले, तिथे आपण स्वतःला पाहुणे समजून गप्प बसावे, असे मला वाटत नाही.

आपण डब्लिन १५ या टपाल विभागात राहता आणि तिथेही असेच प्रस्ताव अडकले आहेत, असे आपण लिहिले आहे. तेव्हा एवढे सुचवते. बांधकामाच्या परवानगीचा अर्ज दाखल झाल्यापासून पाच आठवड्यांच्या आत २० युरो भरून कोणालाही लेखी म्हणणे देता येते, आणि ते पाठिंब्याचेही असू शकते. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. स्थानिक निवडणुकीत मत द्यायलाही ते लागत नाही. अठरा वर्षे पूर्ण असलेल्या कोणत्याही रहिवाशाला नाव नोंदवता येते. जून २०२४ च्या निवडणुकीत आमच्या ओळखीतल्या अनेक मराठी कुटुंबांना हे ठाऊकच नव्हते. आपल्याला हवा असेल तर मी दिलेल्या म्हणण्याचा मजकूर पाठवते. त्यात उंची, सावली आणि पार्किंगबद्दलची उत्तरे आहेत, ती आपल्याकडच्या प्रस्तावासाठी थोड्या फरकाने वापरता येतील.