पाच ग्रॅम प्लास्टिक आलं कुठून?

सोसायटीच्या ग्रुपवर हा मजकूर पुन्हा फिरतोय: 'नळाच्या पाण्यातून दर आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं, म्हणजे ५ ग्रॅम प्लास्टिक पोटात जातं. बाटलीचंच पाणी प्या. उकळून उपयोग नाही. पालिका आकडे दडवते.'

५ ग्रॅमचा आकडा २०१९ चा. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाचा अंदाज ०.१ ते ५ ग्रॅम होता, तोही नुसत्या पाण्याचा नाही. मीठ, शिंपले, बिअर धरून. फिरलं ते फक्त वरचं टोक. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी श्वासातली हवाही धरली, तरी मोठ्या माणसासाठी आठवड्याला सुमारे ४ मायक्रोग्रॅमच आले. दहा लाखांहून जास्त पट फरक! कारण कण मोजले जातात, तोलले जात नाहीत. एका कणाचं वजन किती धरलं यावर सगळा हिशेब फिरतो.

आणि मोजणंही सोपं नाही. मी पाणी तपासणीचं काम केलंय. गाळणकागदावर सूक्ष्मदर्शकाखाली छान निळा धागा दिसतो आणि तो निघतो मोजणाऱ्याच्याच स्वेटरचा. म्हणून कोरा नमुना लागतो: शुद्ध पाणी त्याच भांड्यांतून, तशाच कागदावर गाळायचं आणि त्यात सापडलेले धागे हिशेबातून वजा करायचे.

बाटलीचा सल्ला मला सर्वात जास्त खटकतो. २०१८ मध्ये भारतासह ९ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या. ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिक होतं, लिटरमागे सरासरी ३२५ कण. २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने अमेरिकेतल्या बाटल्या तपासल्या, तर लिटरमागे सुमारे २,४०,००० कण! सहा वर्षांत पाणी एवढं बिघडलं नाही, नजर बारीक झाली. आधी साडेसहा मायक्रॉनखालचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजलंच नव्हतं. पण प्लास्टिक टाळायला प्लास्टिकच्या बाटलीकडे जा, हे कुठल्या आधारावर सांगता?

उकळण्याचा उपयोग होतो. २०२४ च्या चिनी प्रयोगात जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी उकळून गाळल्यावर ९० टक्क्यांपर्यंत कण कमी झाले, कारण क्षार त्यांच्यावर बसतात. क्षार कमी असतील तर सुमारे २५ टक्केच.

दडवायला आधी आकडा हवा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत सूक्ष्मप्लास्टिकची मर्यादाच नाही. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये त्याची व्याख्या ठरवली, २०२२ मध्ये चार वर्षांच्या तपासणीचा आराखडा आणला. पालिकेकडे मागायचं तर हे मागा: कच्च्या आणि शुद्ध पाण्याचे नमुने, किती मायक्रॉनपर्यंत मोजलं, आणि कोऱ्या नमुन्यात काय निघालं.