मूत्राशयाचा कॅन्सर : ‘गाठ ती गाठ’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

“जनुकांची नावं सांगून पेशंटला काय मिळतं? गाठ ती गाठ. डॉक्टर दुर्बिणीने काढतात, बायोप्सी बघून पुढचं ठरवतात. उगाच लोकांना महागड्या टेस्टच्या मागे लावू नका,” असं तुम्ही लिहिलंय. टेस्टचं म्हणणं मान्य. गाठ पहिल्यांदा सापडली की उपचार बायोप्सीवरच ठरतात, जनुकांच्या तपासणीसाठी धावपळ करायचं कारण नसतं. पण ‘गाठ ती गाठ’ हे मला अजिबात पटत नाही.

कोथरूडच्या तुमच्या मेहुण्यांची गाठ पुन्हा पुन्हा येते, तरी दर वेळी ती खरवडून घरी पाठवतात. शेजाऱ्यांना मात्र पहिल्याच रिपोर्टनंतर लघवीची पिशवी काढायला सांगितली. तुम्हाला यात डॉक्टरांची मनमानी दिसते. मला दोन वेगळे आजार दिसतात.

मेहुण्यांसारख्या, पोकळीत झुपक्याने वाढणाऱ्या लो ग्रेड, म्हणजे कमी उग्र, गाठींमध्ये बहुतेकदा एफजीएफआर३ हे जनुक बदललेलं असतं. त्यातला नेहमीचा बदल अगदी एवढासा आहे : प्रथिनाच्या साखळीत २४९व्या जागी सेरीनऐवजी सिस्टीन येतं. सिस्टीनमध्ये गंधक असतं. त्यामुळे असे दोन रेणू एकमेकांना घट्ट चिकटतात आणि बाहेरून काही निरोप आलेला नसतानाही पेशीला ‘वाढ’ असा हुकूम मिळत राहतो. पेशी वाढतात, पण सहसा खोल शिरत नाहीत. म्हणून ही गाठ छळते खूप, जिवावर क्वचितच बेतते.

पिशवीच्या भिंतीतल्या स्नायूत शिरणाऱ्या गाठींची गोष्ट निराळी. तिथे टीपी५३ आणि आरबी१ ही राखणदार जनुकं निकामी होतात. डीएनए मोडला तरी पेशीला कोणी थांबवत नाही, आणि गुणसूत्रांची पडझड वाढतच जाते. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अॅटलास या संशोधन प्रकल्पाने २०१७ साली अशा ४१२ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास निम्म्या गाठींत टीपी५३ बिघडलेलं होतं. दोन वाटांमध्ये भिंत नाही, हेही खरं. नवव्या गुणसूत्राचे तुकडे दोन्हीकडे गळतात, आणि काही साध्या गाठी पुढे उग्र होतात. मेहुण्यांची दुर्बिणीची तपासणी म्हणूनच चुकवायची नाही.

आणि पेशंटला मिळतं काय? आजार पसरलेला असेल आणि गाठीत एफजीएफआर३चा बदल असेल, तर एर्डाफिटिनिब नावाची गोळी आहे. अमेरिकेत तिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्या टप्प्यावर टेस्ट महाग असली तरी वायफळ नसते.

नातवंडांची काळजीही तुम्ही लिहिलीत. हे बदल बहुतेक वेळा जन्मजात नसतात, आयुष्यात त्या पिशवीच्या अस्तरातच घडतात. विडी-सिगारेटमधली रसायनं लघवीत उतरून तिथे साठून राहतात, हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. नातवंडांची तपासणी नको, पण मेहुणे अजून ओढत असतील तर ते आज थांबवा.

शेजाऱ्यांचा रिपोर्ट बघायला मिळाला, तर नमुन्यात स्नायूचा थर आला होता का आणि गाठ त्यात शिरली होती का, ते वाचा. पिशवी काढायचा सल्ला बहुधा त्याच ओळीवरून आला असेल.