‘आठ दिवसांत ठिगळ निघालं’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एकच तारा दिलात. त्यातला निम्मा दोष आमचा आहे, निम्म्याबद्दल मला बोलायचं आहे.

तुमच्या कन्व्हर्टिबलच्या, म्हणजे छत मागे दुमडता येणाऱ्या गाडीच्या, कापडी छताला वीतभर चीर गेली, आमचं किट आणून तुम्ही घरीच ठिगळ लावलं, आठव्या दिवशी पावसात ते कडेने उचकटलं आणि मागची सीट भिजली, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी ‘गोंद भिकार आहे’ हेही. फोटो टाकलेत ते फार बरं केलंत, कारण सगळं त्यातच दिसतंय.

पहिल्या फोटोत चीर नेमकी घडीवर आहे. छत मागे नेलं की तिथलं कापड पूर्ण दुमडतं आणि सांगाड्याच्या दोन कमानींमध्ये दाबलं जातं. तिथे नुसत्या गोंदावर कुठलंच ठिगळ टिकत नाही, आमचंही नाही. तरी आमच्या खोक्यावर ‘कोणतीही चीर’ असं छापलंय. ते चूक आहे. ती ओळ काढतोय.

दुसऱ्या फोटोत ठिगळाभोवती पाण्याचे गोल थेंब उभे आहेत. म्हणजे छतावर पाणी झटकणारा फवारा मारलेला आहे आणि तुम्ही ठिगळ बाहेरून, त्याच थरावर चिकटवलंत. जो थर पाण्याला धरत नाही तो गोंदाला तरी कसा धरणार? आमच्या पत्रकात ‘जागा स्वच्छ पुसा’ एवढंच होतं, फवाऱ्याचा उल्लेख नव्हता. हीही चूक आमचीच.

आता तुमच्याकडे येतो. तिसऱ्या फोटोत चिरेच्या काठाला कडक, चकाकणारी रेघ आहे. तो झटपट चिकटणारा गोंद दिसतोय, आमच्या खोक्यात तो नसतो. वाळल्यावर तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच घडीला तडकतो. शिवाय ‘संध्याकाळी लगेच छत उघडून फिरलो’ असं तुम्हीच लिहिलंय. 24 तास छत हलवू नका, हे मात्र पत्रकात ठळक छापलेलं आहे.

आता पुढचं. चिरेतून लोंबणारे धागे ओढू नका, कात्रीने कापा. वाकड्या सुईने, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने चीर शिवून घ्या. साधा सुती दोरा उन्हापावसात कुजतो. टाके चीर सुरू होण्याच्या थोडे आधी, न फाटलेल्या कापडातून सुरू करा आणि करकचून ओढू नका, नाहीतर कापड चुरगळतं. मग ठिगळ आतून, अस्तराच्या बाजूने लावा. चिरेच्या चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर जास्त ठेवा आणि कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपराच आधी सुटतो. गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. एकदा दाबलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी खडूने खुणा करून ठेवा. शेवटी सुईच्या भोकांवर बाहेरून शिवण बुजवायचं द्रव्य लावा, नाहीतर प्रत्येक टाक्यातून पाणी झिरपेल.

एवढं केलं तरी त्या जागी ही तात्पुरतीच सोय आहे. छत शक्य तितकं कमी उघडा, ओलं असताना तर घडी घालूच नका. आणि मुख्य म्हणजे छताच्या दोन्ही कडांचे इलॅस्टिकचे पट्टे ओढून बघा. ते सैल झाले की घडी होताना कापड आत खेचलं जात नाही आणि सांगाड्यात सापडतं. तुमची चीर तशीच पडली असावी असा माझा अंदाज आहे. पट्टे न बदलता अख्खं नवं छत बसवलंत तरी ते त्याच जागी फाटेल.

तुमचे पूर्ण पैसे परत करतोय. किट मात्र परत पाठवू नका, त्यातली सुई आणि दोरा तुम्हाला अजून लागणार आहे.